चाकाचा सातबारा

महसूल खात्यात ज्याची हयात गेली, त्या माणसाची जगाकडे पाहण्याची दृष्टी कायमची बिघडलेली असते. सूर्योदय जरी दिसला, तरी याची नोंद कोणत्या रजिस्टरात झाली असेल, हा प्रश्न त्याच्या मनात प्रथम उभा राहतो आणि सौंदर्याचा विचार, सवड मिळालीच, तर नंतर येतो. सांगली जिल्ह्याला दप्तरी ‘दक्षिण सातारा’ म्हणत त्या काळात जन्मलेल्या आणि माधवनगरात घर करून अव्वल कारकुनीतून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याची ऋतूंविषयी फार जुनी तक्रार आहे, ती अशी, की हे ऋतू कोणत्याही मुदतीला बांधलेले नाहीत. पावसाने मृगाला हजर व्हावे असा संकेत आहे खरा. पण संकेत म्हणजे हुकूम नव्हे. आमचा हिवाळा तर इतका निरुपद्रवी, की पारा बारा-तेरावर उतरला म्हणजे माधवनगर मफलर गुंडाळते, चहाच्या गाड्यावर दोन कप जास्त खपतात आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत सारा मामला निकाली निघतो. अशा परिस्थितीत, हिवाळ्याने अमुक तारखेस रुजू व्हावे आणि तमुक तारखेस कार्यमुक्त व्हावे, अशी तजवीज खुद्द सरकारने केलेला एक मुलूख या पृथ्वीतलावर आहे, हे जेव्हा मला कळले, तेव्हा माझ्या निवृत्त अंतःकरणाला जे समाधान लाभले, त्याचे वर्णन करणे कठीण आहे.

तो मुलूख म्हणजे कॅनडातील क्वेबेक प्रांत. तिथल्या सरकारने २००८ साली असा कायदा लागू केला, की ठरलेल्या मुदतीत रस्त्यावर येणाऱ्या मोटारीच्या चारही चाकांना हिवाळी टायर असलेच पाहिजेत. प्रारंभी ही मुदत १५ डिसेंबरपासून सुरू होत असे. परंतु बर्फाला सरकारी तारखांविषयी फारसा आदर नसल्याचे अनुभवास आल्यामुळे २०१९ पासून ती अलीकडे ओढून १ डिसेंबर ते १५ मार्च अशी करण्यात आली. कसूर करणाऱ्यास २०० ते ३०० डॉलर दंड आहे. स्टेपनीस मात्र माफी आहे. कायद्याचा मसुदा लिहिताना स्टेपनीचीही आठवण ठेवणारा तो अज्ञात कारकून माझा सजातीय होय, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

माझा पुतण्या त्या प्रांतात माँट्रियल शहरालगत लाव्हाल येथे राहतो. त्याने फोर्ड कंपनीचा एफ-१५० लाइटनिंग नावाचा विजेवर चालणारा ट्रक घेतला, ही वार्ता माधवनगरात पोहोचली तेव्हा आमच्या पेठेतील वाहतूकदारांत प्रथम आदर आणि पाठोपाठ संभ्रम पसरला. कारण ट्रकला भाडे कुठले मिळते, या त्यांच्या स्वाभाविक प्रश्नाला, भाडे नाही, शनिवारचा किराणा आणतो, याखेरीज दुसरे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पुढे मी स्वतः नोव्हेंबरात तिकडे गेलो आणि त्या वाहनाची समक्ष पाहणी केली, तेव्हा संभ्रम दुणावला. बॉनेट उघडले असता, ज्या जागी इंजिन असावयाचे त्या जागी एक प्रशस्त रिकामी पेटी होती आणि त्या पेटीत सूनबाईंनी बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीच्या दोन जुड्या विसावलेल्या होत्या. इतके करूनही वाहनाचे वजन सुमारे तीन टन. त्यांपैकी मोठ्या बॅटरीचेच वजन आठशे किलोंच्या आसपास जाते आणि ती पोटाखाली सपाट पसरलेली असते. विजेच्या मोटरीला दम धरणे ठाऊक नाही. पायाचा नुसता स्पर्श झाला, की सगळी ताकद त्याच क्षणी चाकांत उतरते. म्हणजे वजन अवाढव्य, ताकद तत्काळ आणि खाली बर्फ. या तिघांच्या मध्ये शांतता राखण्याचे काम तळहाताएवढ्या रबरावर येऊन पडते.

रबराचाही एक स्वभाव आहे. साध्या टायरचे रबर, पारा सात अंशांच्या खाली उतरू लागला म्हणजे ताठर होते, आणि ताठर झालेल्याची जमिनीवरील पकड सुटते, हा नियम रबराप्रमाणेच अधिकाऱ्यांनाही लागू असल्याचे मी खात्यात पाहिलेले आहे. हिवाळी टायरचे रबर अधिक सिलिका घालून असे बनवलेले असते, की कडाक्याच्या थंडीतही ते लवचीक राहते. शिवाय त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक नागमोडी चिरा पाडलेल्या असतात आणि त्या चिरांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात. जगातील पहिला हिवाळी टायर १९३४ साली फिनलंडमधील एका रबर कारखान्याने बनवला, आणि तोसुद्धा ट्रकसाठीच. त्या कारखान्याचे गाव नोकिया. एके काळी माधवनगरातील प्रत्येक दुसऱ्या खिशात ज्या नोकियाचा मोबाइल वाजत असे, तिच्या घराण्यात हा रबर कारखानाही मोडत होता. आणि आजही हिवाळी टायर बनवणारी व्ह्रेडेस्टाइन ही डच कंपनी २००९ पासून आपल्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे; तेव्हा बर्फाशी आमचा काही संबंध नाही, असे म्हणण्याची आता सोय उरलेली नाही.

पुतण्याने मागवलेले टायर दारात येऊन पडले, तेव्हा मी चष्मा पुसून त्यांची बाजू वाचावयास बसलो आणि पहिल्या ओळीतच माझ्या ध्यानात आले, की हा तर सातबाराचा उतारा आहे. ‘२७५/६० आर २०’ अशी नोंद होती. त्यांतील २७५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० ही बाजूची उंची रुंदीच्या शेकड्यात आणि २० हा डिस्कचा व्यास इंचांत. मधला ‘आर’ हेक्टरच्या सोबतचा नव्हे, तर रेडियलचा, असा खुलासा पुतण्याने तत्परतेने केला. एकाच ओळीत तीन निरनिराळी मापे बिनदिक्कत नांदवण्याचे धैर्य आजवर फक्त आमच्या खात्याने दाखवले आहे, अशी माझी समजूत होती. त्यापुढे ११६ हा आकडा, म्हणजे इतर हक्कांतील बोजा. ११६ म्हणजे त्या एका चाकावर १,२५० किलोंचा भार चालतो. स्वस्तात मिळणाऱ्या दुसऱ्या संचावर हा आकडा बराच खाली होता, म्हणून तीन टनांच्या या ऐरावतासाठी तो नामंजूर झाला. खाली चार अंकांत जन्माची नोंद होती. ‘३५२४’ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. आमच्या पिढीतील कित्येकांच्या जन्मतारखेचा इतका पक्का दाखला शाळेच्या दप्तरातही सापडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याचा शिक्का: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात एक हिमकण. हा शिक्का नसेल, तर बिनखिळ्यांचा टायर कितीही उत्तम असो, क्वेबेकच्या कायद्याच्या दृष्टीने तो उन्हाळीच.

टायरांसोबत चार नव्या डिस्कही आल्या होत्या. चाके असताना पुन्हा चाके कशासाठी, या माझ्या हरकतीवर पुतण्याने रीतसर कैफियत सादर केली: तोच टायर वर्षातून दोनदा डिस्कवरून उतरवला-चढवला, तर त्याची कड दुखावते, दर खेपेस बॅलन्सिंग करावे लागते, मजुरी पडते, शिवाय तिकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ ॲलॉयच्या देखण्या डिस्क खाऊन टाकते. त्यामुळे हिवाळ्यासाठी जाडेभरडे स्वतंत्र चाकच तयार ठेवावे, आणि तारीख आली, की सहा नट काढून सहा नट लावावेत. कैफियत मुद्देसूद होती. मी ती मंजूर केली.

हे काम गॅरेजात का देऊ नये, असेही विचारून झाले होते. एका गॅरेजने दिलेली तारीख कायद्याची मुदत उलटून गेल्यानंतरची निघाली, कारण साऱ्या प्रांताला एकाच पंधरवड्यात टायर आठवले होते. मुदत एक आणि तारीख दुसरी, हे ऐकून परदेशात असल्याची माझी भावना क्षणभर नाहीशी झाली. अखेर शनिवारी सकाळी घरीच चाके बदलण्याचे ठरले. तिकडची सकाळ ती माधवनगरची संध्याकाळ; म्हणून आमच्या कोपऱ्यावरचे टायरवाले मामा, ज्यांनी या पुतण्याच्या पहिल्या सायकलीचे पंक्चर काढले होते, त्यांना व्हिडिओ कॉलवर तज्ज्ञ साक्षीदार म्हणून पाचारण करण्यात आले. मोबाइल मी धरला होता आणि मला खुर्ची देण्यात आली होती. दोन्ही गोष्टी माझ्या सेवाकाळास साजेशा होत्या.

“भाऊसाहेब, गाडी किती टनी म्हणायची?” मामांनी सुरुवात केली.

“तीन टन.”

“आन् माल किती भरतोय?”

“माल नाही. तीन टन ती स्वतःच आहे.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे बिनमालाचाच ओव्हरलोड.”

पुतण्याने जॅक सरकवला. पोटाखाली बॅटरी असल्यामुळे जॅक वाटेल तिथे लावून चालत नाही. पुस्तकात दाखवलेल्या चौकटीच्या ठरावीक जागीच तो टेकवायचा, हे त्याने दोनदा वाचून दाखवले. चाक उचलण्यापूर्वी, ते जमिनीवर टेकलेले असतानाच, नट अर्धवट सैल करून घेतले, तेव्हा मामांनी “ही रीत बराबर” असा दाखला दिला. जुने चाक निघाले, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून झाला, नवे चाक छातीशी धरून पुतण्याने बसवले. डिस्कसकट एकेक चाक तीस-पस्तीस किलोंचे असल्यामुळे त्या आलिंगनात प्रेमाचा अंश फारसा नव्हता. नट हाताने फिरवून घेतले आणि मग मतभेदाचा प्रसंग उद्भवला.

“पान्यात पाइप घाल म्हणावं पोराला, आन् वर हुबा ऱ्हा,” मामांनी आज्ञा केली.

पुतण्याने मात्र एक लांब, चकचकीत पाना काढला. या ट्रकचे नट २०४ न्यूटन-मीटर इतकेच आवळायचे असतात. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला सुमारे एकवीस किलोंचे ओझे टांगावे, तेवढा जोर. कमी पडला तर चाक निसटण्याची भीती, जास्त झाला तर बोल्ट ताणून तुटण्याची. एक नट झाला, की त्याच्या समोरचा घ्यायचा, शेजारचा नाही, म्हणजे डिस्क हबवर सपाट बसते. जोर पुरा होताच पाना ‘टक्’ असा आवाज करी.

“मोडला काय पाना?” मामांनी काळजीने विचारले.

“नाही मामा, बास झालं म्हणून सांगतोय तो.”

“पाना सांगतोय?” मामा म्हणाले. “आमच्याकडं हे गिऱ्हाईक बी सांगत न्हाई.”

चार चाके चढली. परंतु महसुली कामाप्रमाणेच, प्रत्यक्ष ताबा मिळाला म्हणजे प्रकरण संपले असे नव्हे. प्रत्येक चाकात हवेचा दाब मोजणारे यंत्र असते आणि नव्या चाकांतील यंत्रांची ओळख गाडीला पटेपर्यंत समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा जळत राहतो. म्हणजे फेरफार नोंद व्हावयाची होती. ती पुतण्याने एका छोट्या उपकरणाने चाकामागून चाक फिरून करवून घेतली. तोवर थंडीने आपले काम सुरू केले होते: साडेपाच अंश पारा उतरला, की टायरमधील हवा सुमारे एक पौंड कमी होते, त्यामुळे घरच्या उबदार गॅरेजात भरलेली हवा बाहेर आल्यावर उणी भरली. ती पुन्हा भरली. शिवाय दीडशेक किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा तपासायचे, अशी पुस्तकात सूचना असल्याने प्रकरण फेरतपासणीसाठी प्रलंबित ठेवण्यात आले. त्याच आठवड्यात, कायद्याची तारीख यायच्या पुष्कळ आधी, बर्फ पडला. शेजारच्या मोटारी चढावर तिरप्या होत असताना आमचा ऐरावत कोथिंबीर घेऊन सरळ घरी आला. थंडीने आणि जाड टायरांनी त्याची एका चार्जिंगमधली मजल मात्र घटली होती; सुरक्षिततेवर हा सारा द्यावाच लागतो.

माधवनगरास परतल्यावर ही हकिकत मी मामांच्या दुकानात सविस्तर सांगितली. दिवाळी होऊन गळीत हंगाम सुरू झालेला होता. दुकानासमोर उसाच्या ट्रॅक्टरांची आणि टायरच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, कारण थंडीबरोबर आमच्याकडे बर्फ येत नसला, तरी ऊस येतो, आणि उसाच्या ओझ्याखाली गुळगुळीत टायर टिकत नाही. मामा म्हणाले, की त्यांचे वडील लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना पाहत असत. लोहार धाव शेणाच्या गोवऱ्यांत लालबुंद तापवी, तापून ती फुगली, की चाकावर बसवी आणि पाणी ओतून आवळे. चाकाचा आणि हवामानाचा संबंध आहे, हे शिकावयास आमच्या माणसांना फिनलंडची वाट पाहावी लागली नव्हती. आम्हांला जे शिकायचे उरले आहे, ते तारखेविषयी.

याचे प्रमाण कृष्णेवरच लिहिलेले आहे. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्यापाशी पाण्याची पातळी चाळीस फुटांवर आली म्हणजे इशारा आणि पंचेचाळीसवर आली म्हणजे धोका, हे आकडे आमच्याकडील शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. तरीही २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली पुष्कळांनी सामान माडीवर न्यायला सुरुवात केली, ती पाणी उंबऱ्याला लागल्यावर; आणि तोवर पुलापाशी पाणी पाहायला गेलेले अनेकजण ‘अजून चढणार नाही’ असा निकाल देऊन परतलेले होते. सात अंश काय किंवा चाळीस फूट काय, हे आकडे पाहून परत येण्यासाठी नसतात. त्यांच्या अलीकडे आपले काम उरकलेले असावे, एवढ्यासाठीच ते नेमलेले असतात. क्वेबेकने हे दंडाच्या धाकाने शिकवले, म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही. धाकाशिवाय शिकणारा समाज माझ्या सबंध नोकरीत माझ्या नजरेस आलेला नाही.

तेव्हा वाचकांस माझे इतकेच सांगणे आहे: ज्यांचे घर कृष्णाकाठी असेल, त्यांनी पाणी चाळीस फुटांवर यायच्या आत सामान माडीवर न्यावे, आणि ज्यांची मुले थंड मुलखात असतील, त्यांनी नोव्हेंबरात फोन करताना स्वेटरची चौकशी मागाहून करावी, आधी टायर बदलले काय, ते विचारावे.