सरळ बोलणारे काका

बेंगळुरात मराठी कानावर पडणं नवं नाही. शहाजीराजे 1638 नंतर इथे जहागीरदार म्हणून नांदले, गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे. त्या मराठीची झडती घेणारे काका मात्र निवृत्तीनंतर उगवतात आणि प्रत्येक मराठी घोळक्यात एक असतातच. मल्लेश्वरमला फ्लॅट, उशाशी मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण', आणि समोरचा काय बोलतोय यापेक्षा त्यातलं विशेषण कुठलं नि क्रियाविशेषण कुठलं, याचीच काळजी.

'छान'वर त्यांचा पहिला संशय. छान मुलगी, छान गाते. रूप तेच, ना लिंग ना वचन, पकडायचं कसं? 'चांगला' तर त्याहून बेरका. तो चांगला गातो, ती चांगली गाते. चाकरी क्रियापदाची आणि गणवेश कर्त्याचा!

गणपतीत सोसायटीतल्या एका चिमुरडीनं अभंग म्हटला. तिची आई बटाटेवड्यांची ताटली घेऊन काकांपुढे आली.

"हिनं अभंग चांगला म्हटला," काका म्हणाले. आईचा चेहरा फुलला. "आता हेच मी 'चांगला अभंग म्हटला' असं म्हणालो असतो, तर श्रेय तुकोबांना. शब्द नामाआधी गेला की झालं विशेषण."

"म्हणजे आवडला ना?"

"ते कुठे म्हणतोय मी? आधी शब्दाची जात तर ठरू दे."

ताटली पुढच्या रांगेत गेली.

काकांना कन्नडचा भारी हेवा. 'आगि' लावलं की क्रियाविशेषण तयार: वेगवागि, निधानवागि. काही लपवाछपवीच नाही! मग 'ऊटा चेन्नागिदे', जेवण चांगलं आहे, यातल्या 'आगि'चं काय, असं कुणी विचारलं की काका मुकाट्यानं भात कालवू लागतात.

खरे रमतात ते 'सरळ'मध्ये. सरळ माणूस, सरळ जा. कन्नडमध्येही बोलताना 'सीदा' चालतं, म्हणून ऑटोत बसल्या बसल्या ते "सीदा होगि" सांगतात. वर हे क्रियाविशेषणच कसं, हेही समजावतात: विशेषण व्हायला रस्ता सरळ असावा लागतो, आणि तसा रस्ता या शहरात आहे कुठे?

"वन-वे, सार्," म्हणत ऑटोवाला डावीकडे वळतो.