टोपो

तेलंगणातल्या निर्मलमध्ये भूगोल घेतलेला पोरगा कुणाच्या घरी गेला की पहिला प्रश्न ठरलेला: "मंगोलियाची राजधानी कोणती रे?" आमच्या मावशीच्या मुलाला ती सांगता येत नाही. "काका, राजधान्या शाळेत संपल्या. आम्हाला जमीन-वापर आणि नगररचना असते." मग तो ते समजावून सांगतो आणि काकांचा चहा गार होतो. सदा काखेत टोपोशीटची, म्हणजे भूनकाशाची गुंडाळी, म्हणून गल्लीनं त्याचं नाव टोपो ठेवलं. आता मावशीही जेवायला त्याच नावानं हाक मारते.

टोपोचा आवडता प्रश्न एकच: "इथं आधी काय होतं?" लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढत असतानाही तो यजमानांना विचारतो, "हे कार्यालय व्हायच्या आधी इथं शेत होतं ना?" यजमान म्हणतात, "होतं बाबा, कापूस होता. तू मठ्ठा घे."

सर्व्हेच्या दिवसांत तो भर उन्हात दारोदार फिरतो. नकाशावर शेती पिवळी, जंगल हिरवं, पाणी निळं, वस्ती लाल. "1930 च्या दशकात भूगोलतज्ज्ञ डडली स्टॅम्पनं शाळेतली पोरं कामाला लावून ब्रिटनच्या जमिनीचा असाच नकाशा केला," हे तो घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगतो. आमच्या गल्लीत एका घराला पुढे किराणा, वर शिकवणी आणि मागे म्हैस. टोपोनं खुशीत लिहिलं: 'मिश्र वापर'. मालकाला वाटलं, पोरगा घरपट्टी वाढवायला आलाय. त्यानं रातोरात म्हैस मेव्हण्याकडे नेऊन बांधली. टोपोला दोन्ही घरं पुन्हा रंगवावी लागली.

मावशीनं कोथिंबीर आणायला पाठवलं, तर हा तासाभरानं थ्यूनन नावाचा जर्मन घेऊन येतो. "1826 मध्येच त्यानं लिहून ठेवलंय, आई. दूध-भाजीपाला शहराला लागून, धान्य त्याच्या पलीकडे." मावशी म्हणते, "त्याला विचार, जुडी दहाला का झाली?"

पण तळ्यांची गोष्ट निघाली की टोपोचा आवाजच बदलतो. निर्मलच्या भोवती जुनी तळी आहेत, एकाचं पाणी दुसऱ्यात उतरावं अशी साखळीनं बांधलेली. धर्मसागरच्या बांधावर उभं राहून तो पाण्याची जुनी वाट बोटानं दाखवतो, आणि ती वाट नेमकी कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते.

आमच्या काकांनी एकदा त्याला प्लॉट बघायला एका व्हेंचरवर नेलं. एजंटानं थंडा दिला, रंगीत नकाशा पसरला, "हायवे दहा मिनिटं" म्हणाला. टोपोनं विचारलं, "तळ्याचं एफटीएल, म्हणजे भरल्या पाण्याची पातळी, कुठपर्यंत येतं? दहा हेक्टरच्या वरचं तळं असेल तर भरल्या पाण्याच्या कडेपासून तीस मीटर सोडावे लागतात, लहान असेल तर नऊ." एजंट हसला, "तळं भरतंय कुठं आता?" टोपो काही बोलला नाही. हद्दीच्या दगडाला खेटून पाणकणीस माजलं होतं. त्यानं त्यातलं एक कणीस उपटलं आणि मुळाचा काळा, ओला गाळ काकांच्या तळहातावर ठेवला.

काका आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. चांगला दर हातचा गेला होता. मग 2021 चा जुलै आला. निर्मलमधल्या वस्त्यांत पाणी शिरलं, लोकांना होडीतून बाहेर काढावं लागलं. त्यावर काका काहीच म्हणाले नाहीत. फक्त तेव्हापासून कुठलाही प्लॉट बघायला निघाले की स्कूटर आधी टोपोच्या दाराशी थांबते.

परिणाम असा, की काका अजून भाड्याच्याच घरात आहेत. एक जागा उतारावर, एक नाल्यात, एकीला रस्ता नाही. काकू वैतागून म्हणाल्या, "अरे, तुला पसंत पडेल अशी जमीन देवानं केलीय तरी का?"

केली होती. एकच जागा टोपोनं एका नजरेत पास केली: उंचावर, निचरा उत्तम, हवा मोकळी. चौकशी केली तर ती वनखात्याची निघाली.

"बघा," टोपो खूश होऊन म्हणाला, "वापर अगदी बरोबर ठरवलाय."