ती म्हणते, उशी नको

अहो ताई, आहात का पलीकडं? थांबा, क्रेटवर चढते. हां, आता निदान कपाळ तरी दिसलं तुमचं. यांची कुंपणं म्हणजे दोन-दोन मीटरच्या फळ्या, बोट घालायला फट नाही. मिरजेला आमचं मेंदीचं कुंपण, अर्धी गल्ली त्यातनं विरजण मागून नेते. परवा बाळाच्या दुपट्यांना ओवा-शेपांची धुरी देत होते म्हणून बरं, नाहीतर आम्स्टलवेनमध्ये पाठीला पाठ लागून मराठी घर आहे आणि त्यात अकोल्याची बाई उतरलीय, हे मला जाईपर्यंत कळलं नसतं. "कुणाकडं बाळंतीण आहे का हो?" असा आवाज आला फळ्यांपलीकडनं, आणि माझ्या हातातलं निखाऱ्याचं भांडं पडता पडता राहिलं. धुरी बाहेरच द्यायची हं, घरात नाही. इथं प्रत्येक मजल्यावर धुराचा भोंगा असतो, कायदाच आहे तसा. मी एकदा घरात दिली, तर जावई टॉवेल फडकावत जिने चढले.

काय म्हणालात? काल संध्याकाळी पोरं कंदील घेऊन दारात आली, गाणं म्हणाली, आणि तुम्ही चिवडा दिलात? मूठमूठ? हातावर? अगंबाई! अहो, तो सिंट मार्टेन. दर 11 नोव्हेंबरला पोरं दारोदार गात फिरतात, त्यांना गोळ्या नाहीतर छोटी संत्री द्यायची. असू दे, चिवड्याचं घर म्हणून पुढच्या वर्षी रांग लागेल तुमच्याकडं. ठिपक्याठिपक्यांचा, आकाशकंदिलासारखा एक कंदील होता ना त्यात? तो आमचा थोरला. बाकीच्या मुलांचे दुधाच्या खोक्याचे, आणि ह्याचा चांगला कामट्यांचा, खाली झिरमिळ्या. दिवाळीचा उतरवलेला होताच, त्याच्याच कामट्या काढल्या मी. पोरगं पाच वर्षांचं, कंदील त्याच्या कमरेएवढा. वाऱ्यानं निम्म्या झिरमिळ्या रस्त्यात गेल्या, पण ऐट बघायची होती तुम्ही.

मी रविवारी निघतेय. आज पंच्याऐंशीवा दिवस. नव्वदच्या वर एक दिवस राहता येत नाही, आणि उतरलो तो दिवसही धरतात, निघतो तोही. माझा हिशेब फ्रिजवर लावलाय, रोज एक फुली. तुमचा आज चौथा, म्हणजे तुम्ही अजून श्रीमंत आहात. दिवस जपून वापरा. माझे पहिले पंधरा तर बाळाची वाट बघण्यातच गेले.

तर आता ऐका, तुमच्या लेकीला नववा लागलाय म्हणून सांगते. पहिलं म्हणजे पलंगाखाली ठोकळे घालून घ्या. हसू नका. पलंग ऐंशी सेंटिमीटर वर आला पाहिजे, बाळंतपणाला घरी बाई येते तिची कंबर दुखायला नको म्हणून. क्रामझोर्ख म्हणतात त्याला. विम्यातनं मिळते, तासाला पाचेक युरो तेवढे आपल्या पदरचे. आठ दिवस येते, सगळे मिळून साधारण 49 तास. बाळंतिणीचा ताप बघणार, टाके बघणार, पोट दाबून गर्भाशय किती खाली गेलं ते बघणार, बाळाला अंघोळ, वजन, आणि वर संडास घासणार, कपडे धुणार, लेकीला पाव-चीज करून देणार. मी म्हटलं, मग मी कशाला आले सात हजार किलोमीटरवरनं?

थोरला मिरजेलाच झाला. चाळीस दिवस न्हाऊ-माखू, शेक-शेगडी, बाहेरच्या वाऱ्याला उभं केलं नाही मी लेकीला. दुसरीच्या वेळी व्हिसाची तारीखच मिळाली नाही, ते बाळंतपण मी फोनवर केलं. म्हणून या वेळी सगळं घेऊन आले. डिंक, हळीव, खारीक, जायफळ, वेखंड, उगाळायची सहाण, आणि एक किलो मोहरीची उशी. मऊ सुती कापड, आत कापडाची दुसरी पिशवी, डोकं कसं गोल होतं बाळाचं! थोरल्याचं बघा ना, नारळासारखं आहे.

पहाटे तीनला लेक दवाखान्यात गेली, पावणेसातला बाळ, आणि दुपारी दोनला माणसं घरी! मी अजून पोरांचे केस विंचरतेय, तोवर ही बाळ घेऊन दारात उभी. पायात सँडल. मला रडू यावं की रागवावं कळेना. आणि तासाभरात ती बाई. उंच, पांढरा अंगरखा, आली ती बूट काढून जिना चढली, हात धुतले आणि पाळण्यात डोकावली. उशी उचलली. दोन्ही हातांनी तोलून बघितली, हलवून आवाज ऐकला, आणि काहीतरी बोलली. दुभाषा कोण, तर थोरला. तो म्हणाला, "आजी, ती म्हणते उशी नको."

नको म्हणजे नकोच. पाठीवर झोपवायचं, पाय पाळण्याच्या खालच्या टोकाला टेकवून, पांघरूण काखेपर्यंत, डोक्याखाली काही नाही. खोली गार, आणि पाळण्यात पत्र्याची गरम पाण्याची बाटली, पिशवीत घालून, बाळापासनं जरा लांब. म्हणजे शेगडी आहे, पण पत्र्याची! मी उशी कपाटात टाकली आणि दोन दिवस त्या बाईशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, हे वेगळं.

दुभाषा मात्र पक्का बेरकी बरं. बाई सांगायची, त्याला एक बिस्किट दे. हा मला सांगायचा, "ती म्हणते तीन." आठ दिवस चाललं हे. शेवटी लेकीनं वरनं ऐकलं.

नाव? अहो, नावाची तर पंचाईतच. इथं तीन दिवसांच्या आत कचेरीत जाऊन नाव लिहून यावं लागतं. आपलं बारसं बाराव्या दिवशी! जावई तिसऱ्या दिवशी सायकलवरनं जाऊन नाव नोंदवून आले, घरात कुणाच्या तोंडून ते बाहेर पडायचं नाही असं मी बजावलं, आणि बाराव्या दिवशी आत्याच्या जागी मीच कानात कुर्र केलं. कागदाला आधी कळलं, कानाला मागनं. तुमचं काही ठरलं असलं तर आत्ताच पक्कं करा, तिथं खिडकीवर उभं राहून भांडता येत नाही. आणि इथं जन्मलं म्हणून बाळ डच होत नाही हं, आईबाप भारतीय तर बाळही भारतीय. वर्षाच्या आत हेगला आपल्या वकिलातीत नोंद करायची. जावयांना सांगून ठेवा, पुरुषमंडळी अशा गोष्टी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात.

पेढे नका आणू. म्हणजे आणा, पण इथं रीत टोस्टची. गोल टोस्ट, त्यावर लोणी, त्यावर साखरेच्या बारीक गोळ्या, मुलगी असली तर गुलाबी-पांढऱ्या, मुलगा असला तर निळ्या-पांढऱ्या. माउशेस म्हणतात. मला आपलं मावशी-मावशी ऐकू आलं. त्याचा अर्थ उंदरं, इवलीशी. चावून बघितली तर काय, आत बडीशेपेची धाकटी बहीण! बाईला विचारलं तर म्हणाली, पूर्वी म्हणत, यानं आईला दूध येतं. मी उठले, डब्यातनं भाजलेल्या बाळंतशेपा काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. तिनं खाल्ल्या. मग डिंकाचा लाडू खाल्ला. मग दुसरा मागितला. तिथनं आमचं जमलं.

पण तुम्हाला जे सांगायचं ते हे नाहीच. तुमची थोरली चारची ना? तीच म्हणते मी.

पहिल्याच दिवशी त्या बाईनं मला थोरल्याकरवी सांगितलं होतं, बाळाकडं मी बघते, तुम्ही मोठ्यांकडं बघा. मला झोंबलं ते. बाळंतपण करायला आलेल्या बाईला पोरं खेळवायला बसवायचं! पोरं काय, चालतात बोलतात. थोरला शाळेतनं आला की डब्यातला पाव तसाच, त्यावरचे चॉकलेटचे दाणे तेवढे चाटलेले. मधली, तीनची, तिचं तर काहीच नाही. रडणं नाही, हट्ट नाही. शहाणी आहे हो, असं मी फोनवर सगळ्यांना सांगत होते.

आठव्या दिवशी बाई जायला निघाली. लाडवांचा डबा बांधून दिला, जावयांनी फुलं दिली, आणि खाली येतो तर मधली दारात जिन्याच्या पायरीवर बसलेली. अंगात रेनकोट. मांडीवर बाळाची टोपी, ती पत्र्याची बाटली, दोन लंगोट, सगळं एका पिशवीत भरलेलं. बाईपुढं पिशवी धरली आणि काहीतरी म्हणाली. मी थोरल्याकडं बघितलं. तो म्हणाला, "ती म्हणते, बाळ वर विसरलं."

अहो, तिच्या हिशेबानं ही बाई बाळ घेऊन आली होती! एकाच दिवशी दोघं घरात आली, मग जाताना दोघं जाणार. आठ दिवस पोर मोजत बसली होती, माझ्यासारखीच. म्हणून शहाणी.

बाई हसली नाही. मी हसले असते, खरं सांगते. ती तिथंच पायरीवर बसली तिच्याशेजारी, कोट घालून, आणि तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं हळूहळू. मग पिशवीतली एकेक वस्तू काढून पुन्हा मधलीच्याच हातात दिली. काय सांगितलं कोण जाणे, दुभाष्याला ऐकू गेलं नाही. बाई गेली. आणि त्या रात्री मधली जी रडायला लागली, ती दोन तास! आईच पाहिजे, आईच्या कुशीतच. वर बाळ रडतंय, खाली ही, थोरला कानावर हात घेऊन टेबलाखाली.

दुसऱ्या दिवसापासून मी बाळाला हात लावायचं सोडलं. म्हणजे अगदीच नाही हो, पण मालीश लेकीनं करायची, मी मधलीला घेऊन बसायची. तिला तेल लावलं, तिला न्हाऊ घातलं, तिला दुपट्यात गुंडाळलं. रोज. तीन वर्षांच्या घोडीला मांडीवर आडवं घेऊन पायावर पाणी! पाय बाहेर लोंबतायत, आणि ही डोळे मिटून. पंधरा दिवसांनी स्वतःच म्हणाली, "आता मी बाळ नाही." म्हटलं, बरं.

उशी? सांगते की. ती कपाटातनं तिनंच शोधून काढली. तिच्या बाहुलीला लागते ती. बाहुलीचं नाव क्राम-बाई आहे, आणि क्राम-बाई उशीशिवाय झोपत नाही!

लेक पुढच्या महिन्यात कामावर. बाळ तीन महिन्यांचं झालं की पाळणाघर, आठवड्यातनं तीन दिवस. शुक्रवारी जावई घरी, पपाडाख म्हणतात, बापाचा वार. आमच्या शेजारी एक आजी दर मंगळवारी आठला येते आणि संध्याकाळी सहाला पर्स उचलून जाते, तो आजीचा वार, ओमाडाख. वारावर आजी! आधी मी नावं ठेवली. आता वाटतं, एका दमात नव्वद दिवस संपवण्यापेक्षा दर मंगळवारी मिरजेहून येता आलं असतं तर काय बिघडलं असतं?

तुम्ही दिवसाउजेडी बाहेर पडत जा हं, पाचच्या आत सूर्य मावळतो आता. छत्रीच्या भानगडीत पडू नका, वाऱ्यानं उलटते. लेक पेटीच्या सायकलवरनं नेते म्हणाली तर बसा. मी बसले एकदा, पुढच्या पेटीत दोन पोरं आणि मधे मी, लग्नातल्या रुखवतासारखी.

किती वाजले? साडेअकरा? अहो, आज बुधवार, शाळा दुपारीच सुटते! निघाले. थांबा, थांबा, एक द्यायचं होतं. परवाच शिवली. मधलीला विचारून तिच्या उशीतली निम्मी मोहरी काढली, तिनं स्वतः वाटीनं मोजून दिली. नाही हो, बाळाला नाही! बाळाच्या डोक्याखाली ठेवाल तर ती बाई मला शोधत मिरजेला येईल. तुमच्या थोरलीला द्या, तिच्या बाहुलीला. बाळ यायच्या आधी द्या, मागनं नको.

हात वर करा. अजून. जड आहे, सांभाळा. धरलीत? दोन्ही हातांनी? सोडते हं.