मूळ कारण

बिघडलेली वस्तू दिसली की अण्णांचा चेहरा खुलतो आणि ती दुरुस्त झाली की उतरतो. दुरुस्ती करणारी माणसं जगात पुष्कळ. अण्णा त्यांच्यातले नव्हेत, ते निदान करणारे. नळ गळतोय म्हणून वॉशर बदलून मोकळ्या होणाऱ्या माणसाकडे ते ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं पूर्वी जुने कीर्तनकार अभंगाला सिनेमाची चाल लावणाऱ्या बुवाकडे बघत.

डेट्रॉइटच्या आसपास, नोव्ही, ट्रॉय, कॅन्टन या उपनगरांत आपल्याकडची ही जात मुबलक आहे. पुण्याला नाहीतर सांगलीला इंजिनियरिंग, मग इकडे येऊन गाड्यांच्या धंद्यात तीस-पस्तीस वर्षं, आणि निवृत्तीनंतर एकच विवंचना: घरात पुरेसे बिघाड होत नाहीत. त्यातून आजकालची गाडी बिघडली की तिला हातातलं यंत्र जोडायचं, ती आपणहून कोड सांगते. "आरोपीच कबुलीजबाब देतोय म्हटल्यावर तपास कसला करायचा?" असं अण्णा खिन्नपणे म्हणतात.

म्हणून त्यांनी १९७८ सालचं मोटरहोम विकत घेतलं. वहिनींना सांगितलं, आता देश बघायचा, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, काही सोडायचं नाही. विकणारा गृहस्थ प्रामाणिक होता. "सगळं चालतं, फक्त वायपरचा भरवसा नाही," म्हणाला. अण्णांनी घासाघीस तिथेच थांबवली. त्या एका वाक्यापायी त्यांनी वर आणखी दोनशे डॉलर दिले असते, असं वहिनींचं मत आहे आणि मला ते पटतं.

जुनं मोटरहोम म्हणजे काय चीज असते ते सांगायला हवं. खालची चासी, इंजिन, चाकं एका कंपनीची. त्यावर फायबरग्लासचं घर बांधणार दुसरी कंपनी. दोघांच्या वायरिंगची भेट डॅशबोर्डखाली होते आणि पहिल्या दिवसापासून त्यांचं पटलेलं नसतं. इकडून पिवळी शिरलेली वायर पलीकडे हिरवी होऊन निघते. त्यात पंचेचाळीस वर्षांतल्या प्रत्येक मालकानं आपापली भर घातलेली: कुणी रेडिओ, कुणी पंखा, कुणी नुसतीच काळी टेप. समोरची काच भिंतभर, त्यामुळे वायपरचे हात हे एवढाले लांब. मोटर मात्र अशा सांदीत की तिला बघायचं तर सीटवर पाय आणि पेडलांपाशी डोकं, अशा आसनात उताणं जावं लागतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अण्णा तिथे जातात आणि जेवायची हाक येईपर्यंत बाहेर निघत नाहीत.

लक्षणं अशी होती. हळू गतीवर वायपर चाले, पण कण्हत. जलद गतीवर टाकला की आणखीच हळू होई. काचेवरचं धुकं घालवायला आतला पंखा लावला तर जवळजवळ थांबेच. आणि वायपर बंद केला की पाती खाली न येता जिथे असतील तिथे उभी राहत.

चाचणीच्या दिवशी मला बोलावणं आलं. कोरड्या काचेवर रबर घासलं की मोटरवर फाजील ओझं पडतं आणि निदान चुकतं, म्हणून काच ओली हवी. तेव्हा लख्ख उन्हात, ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर वहिनी बागेच्या पाइपनं पाऊस पाडत होत्या, आत अण्णांचे फक्त मोजे दिसत होते आणि शेजारचे अमेरिकन आजोबा कुंपणापाशी येऊन अदबीनं उभे होते. अण्णांनी आधी दांड्यांचा सांगाडा सोडवून मोटर एकटी फिरवून पाहिली, तरी मंदच. म्हणजे दोष दांड्यांत नाही. मग मीटर. मोटरच्या पिनवर बारा व्होल्ट बरोबर. इथे कच्चा माणूस फसतो. मोटर फिरत नसताना गंजलेला जोडही बारा व्होल्ट दाखवतो, खरं खोटं ओझं पडल्यावर कळतं. मोटर फिरती ठेवून तिचं अंग आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यात मीटर लावला, तर तिथे अडीच व्होल्ट सापडले. तिथे जवळपास काहीच असता कामा नये.

हा सिद्धांत अण्णा माणसांनाही लावतात. महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगला सगळे बारा व्होल्ट असतात, म्हणे, गणपतीत खुर्च्या मांडायला बोलवा, मग रीडिंग घ्या.

तर मोटरला अर्थिंग मिळत नव्हतं. पत्र्याच्या गाडीत अख्खी बॉडीच ते काम करते. फायबरग्लासमधून वीज जात नाही, तिथे त्यासाठी वेगळी वायर ओढावी लागते आणि तिचा स्क्रू गंजला की संपलं. "एक वायर दे, चिमटेवाली," अण्णा आतून म्हणाले. काम करताना ते स्वतःचं धावतं समालोचन करतात, त्यामुळे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं: एक चिमटा मोटरच्या अंगाला, दुसरा चासीला. आणि वायपर असा सुटला की वहिनींच्या हातातला पाइप वाकडा झाला. शेजारच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी चिमटे काढून घेतले.

"चालला होता की!" मी म्हणालो.

"म्हणूनच काढले. हा लक्षणावरचा उपचार झाला. मूळ कारण झाकलं जाईल."

मूळ कारणाचा शोध त्या दिवशी सुरू झाला. वायपर मंद का? अर्थिंग नाही. का नाही? स्क्रू गंजला. का गंजला? वरून पाणी झिरपतं. कुठून? काचेच्या रबरातून. रबर का आकसलं? पुढची चौकट खड्ड्यात वाकते. ती का वाकते? हिवाळा संपेपर्यंत अण्णा १९७८ सालच्या कुठल्यातरी खरेदीखात्यातल्या काटकसरी कारकुनापर्यंत पोचले होते. त्याला गाठणं शक्य नव्हतं म्हणून तपास तेवढा तुंबला. स्क्रू तसाच होता. कानशीच्या चार फटकाऱ्यांचं काम होतं ते, पण तो आता पुरावा होता आणि पुराव्याला हात लावायचा नसतो.

अण्णांचं दैवत म्हणजे रॉबर्ट कर्न्स. याच डेट्रॉइटमध्ये वेन स्टेट विद्यापीठात शिकवणारा इंजिनियर. लग्नाच्या रात्री, १९५३ साली, शॅम्पेनचं बूच उडून त्याचा एक डोळा अधू झाला. पुढे झिमझिम पावसात गाडी चालवताना त्याच्या डोक्यात आलं, वायपरनं पापणीसारखं मधेमधेच का लवू नये? १९६४ साली त्यानं थांबून-थांबून चालणाऱ्या वायपरच्या पेटंटचा अर्ज केला, १९६७ साली ते मिळालं. मग मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत तसले वायपर आले आणि कर्न्स कोर्टात गेला. फोर्डशी १९९० साली एक कोटी दोन लाख डॉलरवर तडजोड झाली. क्रायसलरच्या वेळी तर वकिलांना बाजूला सारून तो स्वतःच उभा राहिला आणि सुमारे तीन कोटी डॉलर मिळवले. इथे अण्णांचा आवाज भरून येतो.

"त्यात त्याचा संसार मोडला, ते सांगा," वहिनी म्हणतात.

वहिनींचं दैवत वेगळं. अलाबामाची मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली, ट्राममध्ये बसली, बर्फाळ पावसात ड्रायव्हरला समोरचं दिसेना ते तिनं पाहिलं. १९०३ साली तिनं पेटंट घेतलं: आतून दांडा हलवायचा, बाहेर रबर फिरतं. पैसा एक मिळाला नाही. "पण तिनं असं नाही विचारलं की बर्फ मुळात पडतोच का," असं वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणतात.

वहिनी मूळच्या चिपळूणच्या. त्यांचे मामा चिपळूण-कराड एसटीवर ड्रायव्हर होते. आषाढात कुंभार्ली घाटात वायपर अडकला की मामा उतरून काचेला तंबाखू चोळत. पाण्याचे थेंब न धरता सपाट ओघळ होत आणि गाडी घाट चढे. मूळ कारण डेपोत.

ऑगस्टमध्ये एकदाचे निघालो. मिशिगनच्या उत्तर टोकाला, मॅकिनॉचा पूल ओलांडून पलीकडे जायचं होतं. गेलॉर्डच्या पुढे पावसानं गाठलं. मोटरहोमचं सगळं दुखणं तेव्हा एकदम उघडं पडलं. पंखा लावला तर आतलं धुकं जाई आणि वायपर थांबे. पंखा बंद केला तर वायपर चाले आणि आतून काही दिसेना. अण्णा हर्षभरित. "बघ, दोघांचं अर्थिंग एकच! मी काय म्हणत होतो?" आम्ही त्या वेळी ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांच्या भरवशावर चाललो होतो.

रेस्ट एरियात गाडी थांबवायला लावून वहिनी मागे स्वयंपाकघरात गेल्या, बटाटा कापून आणला, रेनकोट चढवून बंपरवर उभ्या राहिल्या आणि अख्खी काच बटाट्यानं घासली. घर पाठीशी घेऊन हिंडण्याचा हा फायदा मात्र मानला. मॅकिनॉ सिटीपर्यंत बटाट्यानं निभावलं. तिथे पाच मैलांचा पूल समोर आला, खाली सामुद्रधुनी, आणि उंच गाड्यांना वाऱ्याचा इशारा. वहिनींनी पट्टा सोडला.

"मी बटाट्यावर हा पूल ओलांडणार नाही. भाऊजी, ती चिमट्यांची वायर."

अण्णा म्हणाले, "अगं, अजून कारण..."

वहिनी पेडलांपाशी डोकं घालून गडप झाल्या होत्या. एक चिमटा मोटरच्या अंगाला, दुसरा चासीला. सगळी गल्ली ऐकून होती, त्याही होत्या. वायपर सुटला, पंखा लावला तरी सुटलेलाच राहिला. आम्ही वीस मैलांच्या वेगानं सगळा पूल पार केला आणि अण्णा चकार शब्द बोलले नाहीत.

सेंट इग्नेसला पाऊस थांबला. अण्णांनी बटण बंद केलं. पाती काचेच्या मधोमध थांबली.

"बघितलंत?" अण्णांची कळी खुलली. "दोन बिघाड होते! एकाच्या आड दुसरा. बंद केल्यावरही पाती खाली येईपर्यंत वीज चालू ठेवणारा एक स्विच असतो मोटरच्या पोटात, पार्क स्विच. तो का गेला हे बघायचं तर..."

"त्याला हात लावायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "पाऊस थांबल्यावर थांबतोय, बास झालं. आणि ती वायरही तिथेच राहणार."

मैल-दीड मैल शांततेत गेला. मग अण्णांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, तुझा तो कपड्यांचा ड्रायर आवाज करत होता ना? अजून करतो?"

मेकॅनिक येऊन पट्टा बदलून गेल्याला महिना झाला होता. मी म्हणालो, "हो अण्णा. कधी कधी करतो."