काळापत्थरची डिकी

वाळूजच्या माणसाला दुचाकीबद्दल काही विचारावं लागत नाही. तो न विचारताच सांगतो. १९८५ साली आमच्याकडे बजाजचा कारखाना आला, मागोमाग सुटे भाग करणारे आले, बजाजनगर वसलं, आणि तेव्हापासून आम्ही सगळेच आतले जाणकार. मी स्वतः एका व्हेंडरकडे हिशेब लिहितो. नट-बोल्टाशी माझा संबंध बिलापुरता. पण अंदमानात हे कुणाला ठाऊक? भाड्याची स्कूटर घेताना मी चाक दाबून पाहिलं, हॉर्न वाजवला, ‘पिकअप कैसा है?’ असं भुवया आकसून विचारलं. पोरगा अनामत मोजत राहिला.

हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप झालंय. सगळी वऱ्हाडं राधानगरच्या किनाऱ्याकडे वळतात, म्हणून आम्ही उलट दिशेला काळापत्थर गाठलं. सुपारीच्या बागा, काळे खडक, निळं पाणी, माणूस नाही. आमचा समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, त्यामुळे पाणी खारट लागलं की मी अजूनही दचकतो. मगरींची पाटी वाचली आणि घोट्याएवढ्या पाण्यात मनसोक्त पोहलो.

बाहेर आलो, किल्ली फिरवली. सीट उघडेना.

कोरडे कपडे, मोबाईल, पाकीट, सगळं डिकीत. मी सीट ओढली, थोपटली, बायकोची हेअरपिन लॉकमध्ये घालून वाकडी केली. ‘केबलचा प्रॉब्लेम आहे,’ मी म्हणालो. ‘कसली केबल?’ तिने विचारलं. हिशेबाच्या माणसाला इतकं खोलात विचारू नये.

पेट्रोलचा काटा लाल रेघेच्या खाली. जवळच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याने बाटलीभर पेट्रोल दिलं, तेही उधार, आणि ते घेऊन ऐटीत गाडीपाशी आल्यावर कळलं की टाकीचं झाकणही सीटखालीच आहे. ज्याने ही रचना केली तो मला एकदा चाकण-वाळूज कुठेतरी भेटावा.

त्यात दिवस मावळायला लागला. साडेचारला! देशभराचं घड्याळ मिर्झापूरच्या रेखांशावर लावलेलं. तिथून आम्ही पश्चिमेला आणि हे बेट पूर्वेला. वाळूजचा सूर्य इथल्याहून तासभर मागे असतो. आमच्याकडे दुसऱ्या पाळीची माणसं चहाला उठण्याच्या वेळी इथे बारीक माश्या ओल्या पाठीवर जेवायला बसल्या होत्या. ‘आपण महाबळेश्वरला जाऊ म्हणत होते मी,’ बायको म्हणाली. लग्न झाल्यापासून ती हे वाक्य जवळ बाळगून आहे.

म्हातारा टपरी सोडून आला. ‘कहाँ से?’ वाळूज त्याला कळेना. महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाला, ‘अच्छा, सावरकर का जेल देखने आए!’ त्याचे वडील पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आले, जंगल तोडून घर बांधलं. समोर एवढा समुद्र, पण शेवटपर्यंत गावच्या तळ्यातल्या माशांचंच बोलायचे. हा इथेच जन्मलेला. ते तळं त्याने पाहिलेलं नाही, पण पायऱ्या कुठल्या बाजूला होत्या ते हाताने दाखवलं.

बजाजनगरात आमच्या गल्लीत परभणी, बीड, जालन्याहून आलेली माणसं आहेत. पोरं इथे शिकली, नोकरीला लागली, तरी संध्याकाळी ओट्यावर ‘आमच्या विहिरीला’ असंच सुरू होतं. मी काहीतरी बोलणार होतो, पण घसा चमत्कारिक झाला आणि पाठीला माशी चावली.

‘दीदी, आप बैठिए,’ म्हातारा म्हणाला. बायको सीटवर बसली. ‘जोर से.’ ती उठली आणि दाणकन बसली. त्याच क्षणी त्याने किल्ली फिरवली. कट्!

‘वजन चाहिए,’ त्याने मला समजावलं. मी हसलो. बायको हसली नाही. पुढचे सगळे किलोमीटर अंधारात, मागून एक शब्द न ऐकता पार पडले.

राधानगरला दुसऱ्या दिवशी गेलो. टाइम मासिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलेला. असेल. वाळू पांढरी आहे, लोकांना रील करायला जागा भरपूर आहे. डिकीत काहीही ठेवायला बायकोने साफ मनाई केली, त्यामुळे तो जगप्रसिद्ध सूर्यास्त मी दोन हेल्मेटं, चार चपला, पाण्याची बाटली आणि तिचा ओला टॉवेल मांडीवर सांभाळत पाहिला.