शेवटचा धक्का

हल्ली रहस्यकादंबरी उघडण्याआधीच मला धमकावते. मलपृष्ठावर लिहिलेलं असतं, ‘शेवटच्या पानावर तुम्ही हादराल.’ खाली कुठल्याशा परदेशी वर्तमानपत्राची हमी असते, आणि आतल्या पानावर दोन-चार लेखक शपथेवर सांगतात की आमची झोप उडाली. पुढे धक्का आहे हे असं आधीच कळलं की मी वाचक राहत नाही, पावसाळ्यातल्या रस्त्यावरचा रिक्षातला प्रवासी होतो. दोन्ही हातांनी दांडी धरून बसतो, आणि खड्डा येतो तेव्हा वाटतं, ‘एवढाच?’ मराठी माणसाला भरवशाचा धक्का एकच ठाऊक आहे, तो भाऊचा. तिथे निदान मासळी तरी मिळते.

तर अशा धमक्यांना भीक न घालता मी अलीकडे बरेच खून वाचले. काही वाचनालयातून आणले, काही भाचीच्या किंडलवर फुकट वाचले. त्यांच्याविषयीची ही मतं कुणी विचारलेली नाहीत, त्यामुळे ती खरी आहेत.

अॅलेक्स मायकेलिडीसची ‘द सायलेंट पेशंट’ 2019 साली आली आणि जगभर खपली. अॅलिशिया नावाची चित्रकार नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर एक अक्षर बोलत नाही. कल्पना इतकी झकास की पहिली शंभर पानं मी ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून वाचली, आमटी पानावर सांडली तरी उठलो नाही. पुढे मात्र लक्षात आलं, बाई बोलत नसली तरी तिची डायरी बोलते. आणि काय बोलते! कोण आलं, कुठल्या खुर्चीत बसलं, काय म्हणालं, त्यावर ही काय म्हणाली, सगळं अवतरणचिन्हांसकट. संकट दाराशी येऊन उभं राहिलं तरी बाई आधी डायरी पुरी करणार. माझ्या डायरीत ‘गॅस आला. इस्त्रीला 6 कपडे’ याच्या पुढे मजल गेलेली नाही. उद्या माझा खून झालाच तर पोलिसांनी फार आशा ठेवू नये. शेवटचा धक्का चांगला आहे, नाही म्हणत नाही. फक्त तो बसल्यावर आपण डाव हरलो असं वाटत नाही. पत्ते पिसणाऱ्याने एक पान बाहीत ठेवलं होतं असं वाटतं.

फ्रीडा मॅकफॅडन या बाई पेशाने डॉक्टर आहेत, मेंदूच्या दुखापतींवर उपचार करतात. उरलेल्या वेळात त्या वाचकांच्या मेंदूकडे बघतात. त्यांच्या 2022 सालच्या ‘द हाउसमेड’मध्ये मिली नावाची मुलगी एका श्रीमंत घरात राहून घरकाम करायची नोकरी धरते. तिला माळ्यावर एक खोली मिळते. खिडकी उघडत नाही आणि दाराला कुलूप आहे ते बाहेरून. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासत होत्या आणि मी ओट्याला टेकून त्यांना ही गोष्ट सांगत होतो.

‘खोली माळ्यावर?’

‘हो.’

‘कडी बाहेरनं?’

‘हो.’

‘आणि आतनं?’

‘आतून नाहीच.’

मावशींनी घासणी खाली ठेवली. ‘मग घरात माणसं किती, धुणं हातानं का मशीनला, हे पण विचारू नये दादा. चपला घालाव्या नि निघावं.’

मी मिलीची बाजू मांडली. पोरगी तुरुंगातून सुटलेली, गाडीत झोपते, दुसरं कुणी काम देत नाही.

‘मालकीण पगार किती म्हणाली?’

‘चांगला.’

‘मागितला का आपणहून दिला?’

‘आपणहून.’

‘तरीच,’ मावशी म्हणाल्या आणि कढईकडे वळल्या. तीनशेहून जास्त पानांचं पुस्तक कढई स्वच्छ होईपर्यंत निम्मं सुटलं होतं. ‘आणि मालक कसाय?’ या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. पुस्तक अजून वाचनालयात फिरतंय. मी ते एका रात्रीत संपवलं हेही सांगून टाकतो. भेळ चांगली की वाईट हे आपण संपल्यावर ठरवतो, तसला प्रकार.

पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ मी उशिरा वाचली. रेचल रोज सकाळच्या 8.04च्या गाडीने लंडनला जाते, गाडी सिग्नलला थांबते, आणि खिडकीतून तिला रुळांलगतच्या घरातलं एक जोडपं दिसतं. नोकरी गेली तरी ती रोज गाडीने जातच राहते. लोक म्हणतात, रेचलच्या दारूमुळे तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही. माझा विश्वास त्याआधीच उडाला. रोज सकाळी, गर्दीच्या वेळी, खिडकी? कल्याणहून 8.04 पकडून दाखवा. तिथे ज्याचा खून होताना दिसू शकतो तो आपणच असतो. कादंबरी मात्र मुळीच टाकाऊ नाही. एकट्या पडलेल्या, पिणाऱ्या बाईचं चित्र इतकं खरं आहे की खून नसता तरी मी ती वाचली असती. खून नसता तर ती खपली नसती, हा भाग वेगळा.

डॅन ब्राऊनबद्दल थोडक्यात. त्याचं ‘द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स’ 2025 साली आलं. या वेळी प्राग. रॉबर्ट लँग्डन हा हार्वर्डचा प्राध्यापक, पण तास घेताना दिसत नाही. धावतो, धावता धावता एखाद्या चर्चचा इतिहास सांगतो, पुन्हा धावतो. प्रकरण संपताना एक दार उघडतं, दारापलीकडचं पाहून कुणाचा तरी श्वास अडकतो, आणि आपल्याला पुढचं प्रकरण शहराच्या भलत्याच टोकाला सापडतं. गाइड म्हणून मी या माणसाला नक्की नेईन. त्याच्याबरोबर कुठे राहणार मात्र नाही.

या सगळ्यांविरुद्ध माझी तक्रार एकच आहे. मला फसवा, त्यासाठीच मी पुस्तक उघडतो. पण पत्ते टेबलावर मांडून फसवा. ही माझी म्हाताऱ्याची लहर नव्हे. 1929 साली रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथेच्या दहा आज्ञाच लिहून ठेवल्या. गुप्त खोली असलीच तर एकच. जुळा भाऊ आयत्या वेळी आणायचा नाही. गुप्तहेराच्या हाती लागलेला पुरावा वाचकाला दाखवायचाच. गुप्तहेराचा मित्र वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, मठ्ठ असावा. ही आज्ञा मला सर्वांत आवडते, कारण तिने माझी एवढी तरी इज्जत ठेवली. कथेत चिनी माणूस नको, अशीही एक आज्ञा आहे. त्या काळच्या स्वस्त इंग्रजी कादंबऱ्यांत खलनायक हटकून चिनी असायचा, त्याला कंटाळून नॉक्सने तो दरवाजाच बंद केला. पुढच्याच वर्षी लंडनच्या लेखकांनी ‘डिटेक्शन क्लब’ काढला, चेस्टर्टन त्याचे पहिले अध्यक्ष. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे की माझा गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने गुन्हा उकलणार नाही. शपथ घ्यायची ती एका कवटीसमोर. कवटीचं नाव एरिक. आपल्याकडे साहित्यसंस्थांच्या निवडणुका किती गंभीरपणे होतात ते पाहता एखादी कवटी तिथेही ठेवायला हरकत नाही.

या मंडळींत ॲगाथा ख्रिस्तीही होत्या. त्यांच्या 1926 सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’वरून तेव्हा वाद पेटला: ही फसवणूक आहे, बाईंनी नियम मोडला! डोरोथी सेयर्स त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या; त्यांचं म्हणणं साधारण असं, की प्रत्येकावर संशय घेणं हे वाचकाचंच काम आहे. मी ते पुस्तक परत वाचलं. खुनी ठाऊक असताना रहस्यकथा पुन्हा वाचणं हीच तिची खरी परीक्षा. सगळं तिथे आहे. वाक्य न् वाक्य खरं आहे, फक्त दोन वाक्यांच्या मधल्या फटीत एक अख्खा खून बसवलाय. आता पुस्तक शंभरीचं, तरी खुनी कोण हे मी सांगणार नाही. शंभर वर्षं सांभाळलेलं गुपित माझ्या तोंडून फुटायला नको.

मराठीत आम्ही या शपथा कधी घेतल्याच नाहीत. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू. त्यांनी पुराव्याचा हिशेब द्यायचं कबूल केलं नव्हतं आणि आम्हीही मागितला नव्हता. झुंजार आला की काम फत्ते होणार, हे पहिल्या पानावरच ठरलेलं. शेवटी धक्का नाही, म्हणून मधे थांबायचीही सोय नाही. सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास कोर्टात उभा राहिला तेव्हा कुठे आम्ही उलटतपासणी वाचायला शिकलो.

पत्ते टेबलावर ठेवणारा आजचा उस्ताद जपानी आहे. केइगो हिगाशिनोच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये खून कुणी केला, कशाने केला, सगळं सुरुवातीलाच आपल्या डोळ्यांदेखत होतं. पिडायला आलेल्या माजी नवऱ्याला यासुको विजेच्या शेगडीच्या वायरने मारते. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी पुढचं सगळं निस्तरतो. आता राहिलं काय? राहिलं ते सगळं पुस्तक. मधे एका ठिकाणी इशिगामीच्या प्रश्नपत्रिकेची गोष्ट निघते: गणित भूमितीचं वाटतं, पण सुटतं बीजगणिताने. हिगाशिनोने तिथेच किल्ली आपल्या हातात दिलेली असते आणि आपण ती खिशात टाकून पुढे जातो.

हे पुस्तक मी आत्याला दिलं. ती हायस्कुलात गणित शिकवायची, अजूनही पुस्तक वाचताना हातात पेन्सिल असते. दोन दिवसांनी फोन आला. ‘अरे, यांच्याकडे बीजगणिताचा नि भूमितीचा पेपर वेगळा नसतो का?’ मी म्हटलं नसावा. ‘म्हणूनच होतात असे खून,’ आत्या म्हणाली. ‘आमच्या बोर्डात दोन वेगळे पेपर. पोरं फसणार कशी?’ इशिगामीवर मात्र ती खूश होती. वर्गात कुणी ऐकत नाही तरी हा माणूस फळ्यावर नीट मांडणी करतो, यापलीकडे शिक्षकाकडून तिची अपेक्षा नाही. प्रेतं वगैरे तिने सोडून दिली.

मग तिला योकोमिझोचं ‘द होनजिन मर्डर्स’ दिलं. 1946 सालची कादंबरी; लग्नाच्या रात्री, बाहेर बर्फ पडलेलं असताना बंद घरात वधू-वरांचा खून होतो, कोतो वाद्याचे सूर ऐकू येतात आणि तलवार बाहेर अंगणात रोवलेली सापडते. जपानी घरांच्या सरकत्या दारांत बंद खोलीचा खून बसवायचा म्हणजे केवढी कसरत. शेवटी लेखक आपलीच सुरुवातीची वाक्यं पुन्हा काढून दाखवतो, बघा, मी कुठे खोटं बोललो? याला म्हणतात इमान! पण आत्याला शंका वेगळीच. ‘आपल्याकडे कुणी लिहील का रे हे?’ मी विचार केला. आपल्याकडे बंद खोली म्हणजे पाच मिनिटांची. सहाव्या मिनिटाला कुणीतरी दार वाजवतंच, ‘काय करतोयस आत? दार का लावलंयस?’ खुन्याने उत्तर काय द्यायचं?

अँथनी होरोवित्झच्या ‘मॅग्पाय मर्डर्स’ने आमच्या वाचनालयात मात्र गोंधळ घातला. सुझन नावाची संपादक एका रहस्यकादंबरीचं हस्तलिखित वाचते. आपणही तिच्याबरोबर ती अख्खी कादंबरी वाचत जातो. गुप्तहेर आता खुन्याचं नाव घेणार, आणि शेवटचं प्रकरण गायब. ते शोधणं हीच पुढची गोष्ट. पण तिथवर पोचलेले सभासद पुढचं पान उलटण्याआधी पुस्तक घेऊन काउंटरला येऊ लागले: ‘पानं फाटलीत.’ एकाने तर अनामत परत मागितली. शेवटी ग्रंथपालबाईंनी आतल्या बाजूला चिठ्ठी डकवली, ‘पुस्तक पूर्ण आहे. कृपया पुढे वाचावे. वाचनालयाचा दोष नाही.’ एका पुस्तकात दोन खूनकथा, म्हणजे वर्गणीही वसूल. माझी शिफारस जोरदार.

आणि सर्वांत लाडकं, रिचर्ड ऑस्मनचं 2020 सालचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’. केंटमधली निवृत्तांची वसाहत. एलिझाबेथ पूर्वी हेरखात्यात, जॉइस नर्स, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ, रॉन कामगार पुढारी. दर गुरुवारी जमतात आणि न सुटलेले जुने खून उकलतात. खरा खून झाल्यावर दुःख करण्याआधी सगळ्यांना आनंद होतो, तो ऑस्मनने लपवलेला नाही. जॉइसची डायरी तर अॅलिशियाच्या डायरीहून शंभर पटींनी खरी, कारण तीत खुनाइतकाच केकचा विषय असतो. रहस्य तसं सैल आहे, धागेदोरे अंमळ जास्तच. मला काही फरक पडला नाही.

त्याचा दुसरा भाग वाचनालयात आलाय. यादीत माझ्या आधी एक आजोबा आहेत आणि मुदत उलटून गेली तरी पुस्तक परत येत नाही. ग्रंथपालबाईंनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून आवाज मला ऐकू आला. ‘आणतो हो. पण सुनेने मधेच वाचायला घेतलंय, आणि ती आता माझ्याकडेच संशयाने बघतेय.’