यादीवाले आप्पा

खानदेशात केळी आणि स्मिता पाटीलचे नातेवाईक ही दोन्ही पिकं बारमाही. पैकी दुसऱ्या पिकातला अस्सल नमुना म्हणजे यादीवाले आप्पा. हे जळगावला भेटतात, धुळ्याला भेटतात आणि मधे पारोळ्याच्या स्टँडवर बस चुकलेली असतानाही भेटतात. वय साठीच्या पुढे, पाटबंधारे नाहीतर झेडपीतून निवृत्त, खिशाला दोन पेनं. तुम्ही सिनेमाचं नाव काढायचा अवकाश, की प्रश्न येतो, "स्मिताचे कोणते पाह्यले?" तुम्ही चार नावं सांगा नाहीतर चौदा, आप्पा मान हलवतात. "मग पाह्यलं काय भो तुम्ही!"

नातं काय, असं विचारायची सोय नाही. "आपलीच आंडेर शे ती!" एवढ्यावर विषय संपतो. स्मिताचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे पुढारी, राज्यात मंत्रीही होते, हे खरंच आहे. आप्पांचंही आडनाव पाटील आहे. खानदेशात एवढा पुरावा कोर्टातसुद्धा चालावा. तिचा जन्म 1955 साली पुण्यात झाला, असं एखाद्या पुस्तकी माणसाने काढलंच, तर उत्तर तयार असतं : "बाळंतपण दवाखान्याले इचारा, गाव मले इचारा." धुळ्याच्या आप्पांना शिरपूर जिल्ह्यातच असल्याने घाम गाळावा लागत नाही. जळगावच्या आप्पांना मात्र इतिहासात शिरावं लागतं. "1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे केले, पोरीचे नाही केले!"

आता यादी. सिनेमे दहाच, पण ते पाहिल्याशिवाय मरायचं नाही, असा आप्पांचा दंडक. त्यांचा क्रम लागतो तो खानदेशापासूनच्या अंतरावर. म्हणून पहिला मान 'जैत रे जैत'चा. चित्रपट जब्बार पटेलांचा, कादंबरी गोनीदांची, डोंगर लिंगोबाचा, माणसं ठाकर. यात आपलं काय? गाणी! गाणी ना. धों. महानोरांची आणि महानोर पळासखेड्याचे. पळासखेडं जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, औरंगाबादकडे मोडतं, पण ती हद्द आप्पा चहाच्या बशीसारखी हाताने सरकवतात. "त्यायले बाजाराले जळगाव जवळ का औरंगाबाद?" स्मिताने त्यात चिंधी कशी उभी केली, नवऱ्याला सोडून आलेली ती बाई पडद्यावर किती ताठ चालते, हे राहूनच जातं.

'मिर्च मसाला' दुसरा. केतन मेहतांचा हा चित्रपट गुजरातेत घडतो. माजलेल्या सुभेदाराच्या तावडीतून सुटलेली सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते आणि शेवटी तिथल्या बाया त्याच्या डोळ्यांत तिखट झोकतात. आप्पांची तक्रार एकच : "मिरची दाखवायची होती, मंग दोंडाईचा सोडून तिकडं काय होतं?" पुढची वीस मिनिटं दोंडाईच्याची मिरची, नंदुरबारची मिरची आणि शेवभाजीच्या तर्रीला यातली कोणती लागते, यावर जातात. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा स्मिता नव्हती. 13 डिसेंबर 1986 ला ती गेली, वय 31. एवढ्या एका वाक्याला आप्पा कपातला चहा निवू देतात. एरवी तसं घडत नाही.

'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले, हे ते दूध संघाच्या प्रत्येक सभेत सांगतात आणि स्वतः वर्गणीच्या वेळी बाहेर पानाला जातात.

'भूमिका' मात्र यादीत सातवी! हे मला पटत नाही. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वरून श्याम बेनेगलांनी केलेला हा चित्रपट. बाविशीच्या आतबाहेरची ही मुलगी त्यात कोवळ्या वयापासून चार पुरुषांना आणि स्वतःलाही कंटाळलेल्या बाईपर्यंत सगळी वयं जगून दाखवते. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो यासाठीच, दुसरा 'चक्र'साठी. पण हंसाबाईंचं खानदेशात कोणी निघत नाही, त्याला आप्पा काय करणार?

'नमक हलाल' यादीत नाही. "तो धंद्याचा सिनेमा." गंमत अशी, की 'भूमिका'बद्दल विचारलं तर "लाजवाब काम!" यापलीकडे आप्पा जात नाहीत आणि 'नमक हलाल' कोणत्या थेटरात, कितव्या रांगेत, ब्लॅकने किती जास्त देऊन पाहिला, पावसाच्या गाण्याला पुढच्या बाकांवरून किती चिल्लर उडाली, हे सारं तोंडपाठ. लग्नाच्या वरातीत बँडने ते गाणं घेतलं की त्यांचा उजवा पाय परवानगी न विचारता हलतो.

'उंबरठा' हा तर त्यांच्या भाषणाचा विषय. सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षिका होते, बाईला स्वतःचं काम हवं असतं, समाजाने हे समजून घ्यायला हवं वगैरे. मधेच आत तोंड करून, "अहो, ऐकलं का, दोन कप चहा ठेवा!" चहा घेऊन काकू येतात. काकूंची यादी एका चित्रपटाची आहे : 'आखिर क्यों?', 1985. नवरा बाहेरख्याली निघतो, बायको त्याला सोडून स्वतःच्या पायावर उभी राहते, लेखिका होते. आप्पा म्हणतात, बायकांचा रडका सिनेमा. काकू म्हणतात, "मी नाही रडले त्यात. हे रडले होते." चित्रपट काही थोर नाही, पण काकूंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलाय. आप्पांच्या यादीतल्या किती चित्रपटांबद्दल असं म्हणता येईल, हे काकूंनाच ठाऊक.

तुम्हाला यादी हवीच असेल तर आधी 'भूमिका', मग 'उंबरठा', मग 'मिर्च मसाला' पाहा. 'उंबरठा' हिंदीत 'सुबह' नावाने आहे, पण आपण मराठीच पाहावा. बाकीच्या सातांसाठी आप्पा आहेतच.